दोघींत वाटलेलं औषध

आमच्या नातीने परवा पुण्याहून फोन केला. घसा सुजला होता, ताप होता, डॉक्टरांनी सात दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून बाईसाहेबांनी त्या बंद केल्या. उरलेल्या ठेवून दिल्यात, पुन्हा कधी लागल्या तर कामाला येतील, असं वर मलाच सांगत होती. मी तिला फोनवर बरंच सुनावलं. ती हसली आणि म्हणाली, आजी, तू गोळ्यांवरून इतकी चिडतेस, तुझं काय औषधाचं दुकान आहे का?

दुकान नाही. पण औषध अर्धं राहिलं की काय होतं ते मी अंथरुणात पडून पाहिलं आहे. फोनवर सांगण्यासारखं ते नाही, म्हणून लिहायला बसले. नातीने वाचावं, आणि तिच्यासारखी जी कोणी शहाणी असतील त्यांनीही वाचावं.

तापाचं नाव

निजामाविरुद्धची पोलीस अ‍ॅक्शन होऊन पाच-सहा वर्षं झाली होती आणि माझं लग्न होऊन दीड. सासर पालमजवळच्या एका खेड्यात. माहेर गंगाखेडला, माझे वडील, अण्णा, तिथल्या रेल्वे स्टेशनात कारकून होते. सासरी आम्ही दोन सुना. थोरली सुभद्रा, तिला मी आक्का म्हणायचे. तिला दोन मुलं होती, मला अजून कोणी नव्हतं. सासूबाईंना आम्ही दोघी आत्याबाई म्हणत असू.

पोळा होऊन गेला होता. त्या वर्षी आमच्या आडाचं पाणी गढूळच राहिलं, आणि आम्ही ते फडक्याने गाळून पीत होतो. मला ताप आला तेव्हा कोणी फारसं मनावर घेतलं नाही. काढा झाला, अंगारा झाला. पण ताप रोज थोडा वर चढायचा आणि खाली यायचं नाव नव्हतं. आठव्या दिवशी मला माणसं विहिरीतून बोलल्यासारखी ऐकू येऊ लागली. मग अण्णांना निरोप गेला आणि ते गंगाखेडच्या डॉक्टरांना घेऊन आले.

डॉक्टर हैदराबादला शिकलेले, उतारवयाचे. मराठी बोलता बोलता दखनीत शिरायचे. त्यांनी माझी जीभ पाहिली, पोट दाबून पाहिलं, आणि म्हणाले, मुदतीचा ताप आहे.

आता ज्याला टायफॉइड म्हणतात तोच हा. हे नाव घरात सगळ्यांना माहीत होतं. एकवीस दिवस धरून बसायचं, मुदत संपली की ताप आपणहून उतरतो, नाहीतर माणूस जातं. मधे करण्यासारखं काही नाही, अशीच आजवरची समजूत होती. नाव ऐकून कोणी रडलं नाही. आत्याबाई उठल्या, शेण कालवलं आणि माझ्या बाजेखालची जमीन सारवू लागल्या. मरणाऱ्याला खाली उतरवून ठेवायची जागा अशीच सारवतात. मी वरून त्यांचा हात फिरताना पाहत होते, आणि मला पहिल्यांदा भीती वाटली. एकोणीस वर्षांची होते मी. मरायचं कसं असतं हे कोणाला विचारावं, असं काहीतरी वेडगळ डोक्यात येत होतं.

पण डॉक्टरांनी दुसरी एक गोष्ट सांगितली. म्हणाले, दोन-तीन वर्षांपूर्वी मीही तुम्हाला एकवीस दिवस मोजा म्हणून सांगून निघून गेलो असतो. आता या तापावर औषध निघालं आहे. इथे मिळत नाही, हैदराबादहून मागवावं लागेल. रोज चार वेळा द्यायचं, बाटली संपेपर्यंत द्यायचं. आणि पाणी उकळलेलंच प्यायचं, घरात सगळ्यांनी.

आत्याबाईंचा न्याय

अण्णांनी गाडीच्या गार्डांकरवी बाटली मागवली. ती यायला चार दिवस लागले, आणि त्या चार दिवसांत आक्कालाही ताप भरला. मुलांना तिच्या माहेरी पाठवून दिलं. आक्काची बाज माझ्याच खोलीत, माझ्या समोर टाकली.

अण्णा बाटली आत्याबाईंच्या हातात देऊन ड्यूटीसाठी त्याच दिवशी परतले. आक्काचा ताप त्यांना कोणी सांगितला नाही. दुसऱ्याच्या घरची सून, तिचं दुखणं व्याह्याला काय सांगायचं.

आता आत्याबाईंबद्दल सांगते. सासू म्हणून त्या गावात नावाजलेल्या होत्या, आणि ते एकाच गोष्टीसाठी. दोन सुनांत त्यांनी कधी डावं-उजवं केलं नाही. एकीला लुगडं आलं तर दुसरीला त्याच काठाचं. आंबा कापला तर दोन्ही फोडी आम्हाला आणि कोय त्यांना. माझं माहेर शिकलेलं, नोकरीतलं, आक्काचं कोरडवाहू शेतीतलं, पण त्या घरात हा फरक मला कधी जाणवू दिला गेला नाही, तिलाही नाही. अशा बाईच्या हातात एका सुनेचं औषध आलं आणि समोर दोन सुना तापाने फणफणत होत्या. त्यांनी काय करावं?

त्यांनी वाटणी केली. सकाळची गोळी मला, दुपारची आक्काला, दिवेलागणीची मला, निजतानाची आक्काला. घरात घड्याळ नव्हतं. सावली ओसरीच्या दुसऱ्या खांबाला टेकली की त्या शेतातून आलेल्या असोत की दळणावरून उठलेल्या, आक्काच्या तोंडात गोळी घालायच्या. एक वेळ चुकवली नाही. पाणी दोन्ही वेळा उकळायच्या. डॉक्टरांचं सांगणं त्यांनी अक्षर न् अक्षर पाळलं, फक्त एका माणसाचं दोन माणसांत पाळलं.

मला हे कळत होतं. मी विरोध केला नाही, कारण मला ते चूक वाटलंच नाही. उलट बरं वाटलं. आक्का समोर तशीच पडलेली असताना मी एकटीने सगळं गिळलं असतं तर मला तिच्याकडे बघवलं नसतं.

आणि गंमत अशी की गुण आला. सहाव्या-सातव्या दिवशी दोघींचाही ताप उतरला. बाटली संपली तेव्हा आम्ही दोघी ओसरीवर उन्हाला बसून ज्वारीच्या कण्या ताकात कालवून खात होतो. आक्का मला चिडवत होती, तुझे केस गळाले की तुझा नवरा तुला ओळखायचा न्हाई म्हणून. आत्याबाई येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना सांगत होत्या, एका बाटलीत दोन लेकी उठवल्या. त्यांना इतकं आनंदात मी त्याआधी पाहिलं नव्हतं, त्यानंतरही नाही.

दहा-बारा दिवसांनी मला पुन्हा थंडी वाजली. दुसऱ्या दिवशी आक्काला.

मी पाहिलं ते

या वेळी ताप चढला तो एकदम. माझ्या नाकातून रक्त येऊ लागलं. मी बरळत होते, असं मागून कळलं. अण्णांना निरोप गेला तो माझाच. ते डॉक्टरांना घेऊन आले आणि येताना नवी बाटली आणली. डॉक्टरांनी मधल्या काळात मागवून ठेवलेली तेवढी एकच होती.

दारात बैलगाडी थांबल्याचा आवाज आला आणि आक्का उठून बसली.

हे नीट सांगायला हवं. तिचं अंग माझ्याइतकंच तापलेलं होतं. पण घरात व्याही आले होते. धाकटीचे वडील समोर असताना थोरल्या सुनेने आडवं पडून राहायचं नसतं. तिने लुगडं सावरलं, डोक्यावर पदर घेतला, पाठ भिंतीला टेकवली आणि पाहुण्यांना पाय धुवायला पाणी दिलं का म्हणून आत्याबाईंना विचारलं. डॉक्टरांनी पदराबाहेर आलेल्या हाताची नाडी पाहिली. कसं वाटतंय, विचारलं. ती म्हणाली, "बरं हाय."

मी समोरच्या बाजेवर होते आणि त्या वेळी पूर्ण शुद्धीत होते. तिचा दुसरा हात मला दिसत होता. तिने बाजेची सुंभाची दोरी मुठीत धरली होती आणि त्या हाताच्या आधारानेच ती बसून होती. डॉक्टरांना ती बाजू दिसत नव्हती. मी बोलले नाही.

का बोलले नाही, याची कारणं मी पुढे पुष्कळ शोधली. घशाला कोरड होती, शक्ती नव्हती, भान नव्हतं. ही सगळी खोटी आहेत. एकच बाटली आहे हे मी ऐकलं होतं. मला जगायचं होतं.

आत्याबाईंनी पहिल्या बाटलीची वाटणी मोठ्या सरळपणाने सांगितली. डॉक्टर ऐकत राहिले. रागावतील असं वाटलं होतं, पण ते खाली बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "माँजी, ये दवा हय, भाकरी नै. आधी आधी बाँटे तो दोनों के पेट खाली."

आत्याबाई म्हणाल्या, "पर ताप तर उतरला व्हता की, साहेब."

तेव्हा डॉक्टरांनी त्यांना एका शिपायाची गोष्ट सांगितली. लढाईच्या काळातली, विलायतेतली. एका पोलीस शिपायाला साधं खरचटलं आणि त्याचं विष अंगभर पसरलं. डोळ्यापर्यंत गेलं. त्याच सुमारास तिथल्या काही शास्त्रज्ञांनी बुरशीपासून एक औषध काढलं होतं, जेमतेम चिमूटभर. ते त्याला टोचलं. चार-पाच दिवसांत त्याचा ताप गेला, तो जेवायला लागला. आणि औषध संपलं. त्या लोकांनी त्याची लघवी गोळा केली, तिच्यातून वाहून गेलेलं औषध पुन्हा काढलं आणि पुन्हा टोचलं. तेही संपलं. विष फिरून उसळलं आणि माणूस गेला. औषध चांगलं होतं, फक्त कमी पडलं.

आत्याबाईंनी दोन्ही बाजांकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, मला दोघींतली एक निवडायला सांगताय का? डॉक्टर म्हणाले, ते पाप तुमच्यावर नको. मी निवडतो. धाकटीची हालत वाईट आहे, थोरली उठून बसली आहे. ही बाटली पूर्ण धाकटीला. थोरलीची चार-पाच दिवसांत येईल, तोवर ती दम धरेल.

गाडी गेल्यावर आक्का आडवी झाली. मी तिच्याकडे बघायचं टाळत होते. तिनेच हाक मारली.

"घे तू. माझा ताप तुझ्यापरीस हलका हाय."

ती खरंच तसं समजत होती, की रीत म्हणून उठली होती, की तिला बाटलीचं आधीच कळलं होतं आणि ती माझ्यासाठी उठली होती? मी उत्तर शोधायचं आता सोडून दिलं आहे. मी गोळी घेतली. चारही वेळा घेतली, तिच्या डोळ्यांदेखत.

माती

डॉक्टर निघताना आत्याबाईंनी विचारलं होतं, या गोळीत असतं तरी काय? डॉक्टर म्हणाले, पहिलं औषध बुरशीतलं होतं, हे मातीतलं आहे. समुद्रापलीकडे एका देशात कोणा शेतकऱ्याच्या शेतातली, पालापाचोळा कुजलेली चिमूटभर माती तपासली, तिच्यात एक बारीक जीव सापडला, तो हे औषध तयार करतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाई शेतातून परातभर माती घेऊन आल्या. कडब्याची गंज असते तिच्या बुडाची, काळी, ओली, कुजकट वासाची. त्यांनी ती फडक्यात बांधली आणि आक्काच्या पोटावर ठेवली. "त्यांच्या शेतात हाय तर आपल्याबी असंल," एवढंच म्हणाल्या. रोज सावली दुसऱ्या खांबाला टेकली की त्या माती बदलायच्या. मला गोळी, तिला माती. त्यांच्या मनातला न्याय अजून चालूच होता.

पुढे मी गावच्या शाळेत शिकवू लागले, वाचायला मिळेल ते वाचलं, आणि तेव्हा मला कळलं की आत्याबाई फार चुकल्या नव्हत्या. जगभरच्या शेतांतून, उकिरड्यांतून माती मागवून लोकांनी वर्षानुवर्षं तपासली. हजारोंतून एखादीत काही सापडायचं. बुरशीचं तर त्याहून नवल. सुट्टीवरून परतलेल्या एका शास्त्रज्ञाला जंतू वाढवायच्या काचेच्या बशीत बुरशी आलेली दिसली. तिच्याभोवतीचे जंतू विरघळून गेले होते. आपण भाकरीवर बुरशी दिसली की भाकरी गुरांपुढे टाकतो. त्याने बशी टाकली नाही, इतकंच. तरी त्यातून माणसाला देण्याजोगं औषध काढायला दुसऱ्या माणसांना आणखी दहा-बारा वर्षं लागली. या दहा-बारा वर्षांत किती घरांत किती बाजांवर माणसं एकवीस दिवस मोजत पडली असतील, याचा विचार मनात आला की मी पुस्तक मिटते. औषध आपल्या पायाखालच होतं. आत्याबाईंजवळ चार दिवस होते आणि एक फडकं.

भूक

माझा ताप चौथ्या दिवशी सकाळी उतरला. त्याच सकाळी आक्काच्या पोटात कळ आली. ती कधी ओरडणारी बाई नव्हती, त्या दिवशी ओरडली. पोट लाकडासारखं ताठ झालं. या तापात आतडं फुटतं हे मला आता माहीत आहे, तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, डॉक्टरांना आणायला गाडी जुंपली, पण गाडी पालमला पोचली असेल-नसेल तेवढ्यात सगळं संपलं. शेवटी आत्याबाईंनी तिच्या पोटावरची माती काढली आणि कोमट पाण्याने पोट पुसून घेतलं.

दुपारी तिला नेलं. मला बाजेसकट शेजारच्या खोलीत हलवलं होतं. मी रडत होते, आणि रडता रडता मला भूक लागली.

ज्यांना हा ताप येऊन गेला आहे त्यांनाच ही भूक कळेल. कितीतरी दिवस उपाशी असलेलं शरीर एकदम जागं होतं आणि त्याला कशाचीच लाज नसते. बाहेर बायका आक्काचं नाव घेऊन रडत होत्या आणि माझ्या तोंडाला पाणी सुटत होतं. मी तोंडात पदराचा बोळा कोंबून चावत होते. माझी मलाच किळस आली, पण भूक हटली नाही.

आत्याबाई आत आल्या. डोळे कोरडे होते. त्यांनी सावली पाहिली आणि विचारलं, "दुपारची गोळी घेतलीस का?"

मी नाही म्हणाले. त्या दिवशी कोण देणार होतं आणि मी कोणत्या तोंडाने मागणार होते? त्यांनी तांब्या पाहिला. उकळलेलं पाणी सकाळीच संपलं होतं. त्या माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या, आणि मला वाटतं माझ्या तोंडातला पदर त्यांना दिसला. त्या चुलीकडे गेल्या आणि गोवऱ्या रचू लागल्या.

ज्या घरातून प्रेत निघालं त्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे भाकरी आणून देतात. बायका रडायच्या थांबल्या. एक म्हातारी पुढे येऊन म्हणाली, बाई, भान ठेवा, माणसं अजून नदीवरनं आली न्हाईत. आमच्या घरून आनतो काय पायजे ते.

आत्याबाईंनी फुंकणी खाली ठेवली. "तुमचं पानी आडाचं हाय, हिला उकळून लागतं," त्या म्हणाल्या. "एकीला म्या अर्ध्या औषदानं मारलं. आता हिचं अर्धं राहू द्यायची न्हाई म्या. गावानं काय म्हनायचं ते म्हनावं."

म्हातारी मागे सरली. चूल पेटली. धूर माळवदाच्या झरोक्यातून वर गेला. स्मशानातून परतणाऱ्या माणसांनी तो लांबूनच पाहिला, आणि आक्काचा नवरा, माझे मोठे भाऊजी, तेही त्यांच्यात होते. त्यावरून गावात पुढे कितीतरी वर्षं बोललं गेलं, की सरण विझायच्या आधी त्या घरात चूल पेटली.

त्यांनी पाणी उकळलं, निववलं आणि गोळी माझ्या जिभेवर ठेवली. मी गिळली की नाही हे तोंड उघडायला लावून पाहिलं. मग त्याच चुलीवर शिजवलेला मऊ भात ताटलीत काढला आणि माझ्यासमोर बसल्या. मोठे भाऊजी तेवढ्यात ओल्या धोतराने दारात येऊन उभे राहिले. त्यांनी चुलीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, माझ्या हातातल्या घासाकडे पाहिलं, आणि उंबऱ्यावर बसले. त्यांची दोन्ही मुलं पुढे मी वाढवली, पण त्या दिवशी मला त्यातलं काही सुचत नव्हतं. मला भात गोड लागत होता. मी खाली मान घालून, नाक पुसत, ताटली संपवली.

"आनखी घालू का?" आत्याबाईंनी विचारलं.

मी हो म्हणाले.